आगोटीची वही

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या उपकेंद्रावर महिलांची तपासणी झाली. बोटाला सुई टोचून सिस्टरनी रक्त घेतलं आणि माझं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. "बारा पाहिजे बाईंना. आठाच्या खाली गेलात तर तालुक्याला पाठवावं लागेल," असं त्या म्हणाल्या. मला तोवर वाटायचं की जिना चढताना लागणारी धाप, दुपारी मशीनवर बसल्या बसल्या येणारी गुंगी, केस मूठभर गळणं हे सगळं वयाचं आणि उन्हाळ्याचं. मी सदतीस वर्षांची आहे.

आमचं गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या काठाला. घरात माणसं पाच. मी, नवरा, नववीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सासूबाई, त्यांना मी आई म्हणते. नवरा चिरेखाणीवर मशीन चालवतो आणि मी घरी शिवणकाम करते. पाऊस लागला की चिरेखाण बंद, ती दसऱ्याच्या आगेमागे सुरू होते. त्या चार महिन्यांत घर माझ्या शिलाईवर आणि उन्हाळ्यात जे काही मागे टाकलं असेल त्यावर चालतं. जून-जुलैत शिवायला फार कोणी टाकत नाही, गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस मात्र रात्र रात्र मशीन चालू असतं. त्यामुळे मे महिन्यात हातात असा कागद येणं म्हणजे पुढे पैशाचा दुष्काळ दिसत असताना डॉक्टरांनी 'चांगलं खा' म्हणून सांगणं.

सल्ले लगेच आले. शेजारच्या काकी म्हणाल्या, "बीट खा गो, लाल लाल रगत होता." मावशीने फोनवर डाळिंब आणि खजूर सांगितले. नवरा तालुक्याला गेला होता तो येताना ४८० रुपयांची पोषण पावडरीची बरणी घेऊन आला. त्याचा जीव तुटत होता हे मला दिसत होतं, म्हणून तेव्हा काही बोलले नाही. पण रात्री मुलीने बरणीवरचं बारीक अक्षरातलं वाचलं, तर त्यात मोठा वाटा साखरेचाच. बीट-डाळिंबाचं पुढच्या खेपेला सिस्टरना विचारलं. त्यांनी समजावलं की रंग लाल असला तरी शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलीग्रॅमसुद्धा नसतं आणि डाळिंबात त्याहून कमी. खायला दोन्ही चांगली, पण दोनशे रुपये किलोने डाळिंब घेऊन रक्त भरून निघणार नव्हतं. त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या मोफत असतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, चहाच्या आगेमागे तासभर घ्यायची नाही. मी याआधी बाळंतपणात या गोळ्या पोट बिघडतं म्हणून अर्ध्यावर सोडल्या होत्या. या वेळी सोडायच्या नाहीत असं ठरवलं. पण गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पुन्हा तिथेच यायचं नसेल तर ताट बदलायला हवं, हेही सिस्टरनी स्पष्ट सांगितलं होतं.

ताटाचा विचार करायचा तर आधी पैसा कुठे जातो ते कळायला हवं, म्हणून मी मुलीची एक अर्धी कोरी वही घेतली. मे महिन्याचा सगळा हिशेब दुकानाच्या उधारीच्या चिठ्ठ्यांवरून आणि आठवून आठवून लिहिला. रेशनचं धान्य सोडून खाण्यावर ९,४६० रुपये गेले होते. आम्ही प्राधान्य कुटुंबात येतो, माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो धान्य फुकट मिळतं, तरीही एवढे. मी ती बेरीज तीनदा केली.

त्यातले १,८७० रुपये बिस्किटं, खारी, फरसाण, नूडल्सची पाकिटं आणि थंडपेयं यांचे होते. मला पैशांपेक्षा दुसऱ्या गोष्टीचं जास्त वाईट वाटलं. या वस्तू आम्ही चैन म्हणून घेतच नव्हतो. मी मशीनवरून उठू शकत नाही, मुलं शाळेतून भुकेली येतात, दहा रुपये हातावर ठेवले की प्रश्न मिटतो. आईंना चहाबरोबर खारी, पाहुणा आला की फरसाण. वेळ नव्हता म्हणून गेलेले पैसे होते ते. दुसरी गोष्ट, आम्ही सगळं पावशेर-पावशेर आणत होतो. पाव किलो डाळ, शंभर ग्रॅम शेंगदाणे, खोबरेल तेलाची पुडी. वाडीतल्या दुकानात उधारी मिळते, म्हणून तिथूनच. तेच सामान एकदम घेतलं तर किलोमागे पंधरा-वीस रुपये कमी पडतात, पण एकदम घ्यायला हातात एकदम पैसे लागतात.

ताटाकडे पाहिलं तर सकाळी चहा-चपाती, दुपारी भाताचा डोंगर आणि वर आमटी, रात्री पुन्हा तेच. मासळी असली तर नवऱ्याच्या आणि मुलांच्या ताटात तुकडे, माझ्या ताटात कढीचा रस. हे कोणी मला सांगितलेलं नाही, माझ्या आईनेही असंच केलं. मुलीने फोनवर शोधलं, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या सूचनांमध्ये दिवसभराच्या ऊर्जेतली ४५ टक्क्यांहून जास्त धान्यातून येऊ नये असं आहे. आमच्याकडे ती कितीतरी जास्त येत असणार. वजनी हिशेबाने मला रोज ४३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, ती पुरी होत नसणार.

आईंना मी हे सगळं वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आगोट भर. आमी पैसो नाय म्हणानच आगोट भरी होतव."

आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे दिवस, आणि त्या दिवसांत करायची चार महिन्यांची बेगमी. आईंच्या वेळी रस्ता नव्हता, पावसात खाडी ओलांडून बाजाराला जाणं व्हायचं नाही, म्हणून मे अखेरीस घर भरून ठेवायचं. कुळीथ, सुकी मासळी, सोलं म्हणजे आमसुलं, फणसाच्या आठळ्या, सांडगी मिरची, चुलीसाठी लाकडं. गाडीरस्ता आल्यावर हे हळूहळू सुटलं. मी लग्न होऊन आले तेव्हा फक्त सोलं आणि थोडा जवळा उरला होता. बाकी 'दुकानात मिळतंच की' म्हणून गेलं. कुळथाची पिठी तर पाहुण्यांसमोर वाढायचीसुद्धा आम्हाला लाज वाटायची.

प्रश्न रोख पैशांचा होता. बचत गटात मी सहा वर्षं आहे. कर्ज सहसा मशीनसाठी, शाळेच्या फीसाठी, छपरासाठी घेतात. खाण्यासाठी मागायला जीभ रेटत नव्हती. पण मासिक बैठकीत मी वहीच वाचून दाखवली, तर आणखी चार जणींनी आपलंही असंच आहे म्हणून सांगितलं. शेकडा एक रुपया व्याजाने पाच हजार मिळाले आणि आम्ही पाच जणींनी मिळून एका टेम्पोने कणकवलीच्या बाजारातून खरेदी केली. भाडं पाचांत विभागलं.

माझी खरेदी ४,८५० रुपयांची झाली. नाचणी १५ किलो, ४२ रुपयांनी. कुळीथ ६ किलो, ११० रुपयांनी. चवळी आणि मूग तीन-तीन किलो, शेंगदाणे ३ किलो, गूळ ५ किलो, कांदे १५ किलो. मसाल्याच्या मिरच्यांना पाचशे गेले. सुका जवळा २ किलो ७०० रुपयांना आणि सुके बोंबील एक किलो ६०० ला, हे मात्र ओळखीच्या कोळणीकडून घेतलं. जवळा घेताना आई स्वतः आल्या होत्या. मूठभर घेऊन चोळून पाहिला, हाताला रेती लागते का बघितली. वाळूवर पसरून सुकवलेला जवळा कितीही धुतला तरी दाताखाली कचकचतो, जाळ्यावर सुकवलेला महाग असला तरी तोच घ्यावा. आणि रंगाने गुलाबीसर हवा, पिवळट पडला की जुना. खारवलेला बांगडा आईंनी घेऊ दिला नाही. त्यांना ब्लड प्रेशर आहे, मीठ चालत नाही, आणि एका घरात दोन जेवणं कोण करणार.

जे विकत घ्यावं लागलं नाही त्याची यादी वहीत वेगळी आहे. आमच्या आणि दिराच्या मिळून सात भिरंडी आहेत. आमच्याकडे रातांब्याला भिरंड म्हणतात. त्यांची सोलं करून मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा भिजवत उन्हात वाळवली. फणस पिकून पडत होते, त्यांच्या आठळ्या एरवी आम्ही उकिरड्यावर टाकायचो. या खेपेला धुऊन, वाळवून, लाल मातीचा लेप देऊन कोनाड्यात रचल्या, तशा त्या श्रावण संपेपर्यंत टिकल्या. काजूच्या बिया काढून बोंडू फेकून देतात, तेही मी मेअखेर जे काही झाडावर उरले होते ते मीठ लावून खाल्ले. घशाला खवखवतात, पण संत्र्यापेक्षा कितीतरी पट जास्त क जीवनसत्त्व त्यात असतं, आणि लोह अंगी लागायला त्याची मदत होते. दहा गुंठ्यांतलं आमचं भात तीन महिने पुरतं. ते उकडून घेतलं आणि गिरणीवाल्याला जास्त पॉलिश करू नको म्हणून बजावलं. भात उकडताना कोंड्यातलं ब जीवनसत्त्व दाण्यात मुरतं, म्हणून उकड्याची पेज नुसती पोट भरत नाही.

रेशनच्या तांदळाबद्दलही एक सांगायला हवं. त्यात तेव्हा थोडे दाणे वेगळे, गुळगुळीत दिसायचे. वाडीत ते प्लास्टिकचे म्हणून वेचून टाकायचे, मीही टाकत होते. सिस्टरनी सांगितलं की ते पोषणमूल्ये घातलेले दाणे आहेत, साध्या शंभर दाण्यांमागे एक, आणि त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. म्हणजे रक्त कमी असलेली मी रोज सकाळी बसून नेमके तेच दाणे वेचून कोंबड्यांना घालत होते. हे ऐकल्यावर मला रडू आलं.

जूनचा पहिला पाऊस चांगला झाला आणि पहिली ठेच लागली. बोंबील मी आणलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतच गाठ मारून फळीवर ठेवले होते. आठ-दहा दिवसांनी पिशवी उघडली तर आत ओल धरलेली, बोंबलांवर पांढरी बुरशी. सहाशे रुपये खड्ड्यात पुरावे लागले. त्या दिवशी मी जेवले नाही. आई रागावल्या नाहीत, पण त्यांनी जवळा लगेच काढून तव्यावर कोरडाच हलका भाजला, थंड झाल्यावर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरला आणि डबा न्हाणीच्या चुलीच्या वरच्या फळीवर ठेवला. तिथे कायम ऊब असते. सुक्या मासळीला कोकणातल्या पावसात प्लास्टिकची पिशवी नको, हे मी आता कोणालाही सांगते. कुळथालाही आधी खणखणीत ऊन द्यावं लागतं.

मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. यांत्रिक होड्या किनाऱ्याला, ओली मासळी मिळाली तर सोन्याच्या भावाने. एरवी या दोन महिन्यांत आमच्या घरी दर रविवारी ब्रॉयलर कोंबडी यायची. या वेळी ती महिन्यातून एकदाच आणली आणि तिच्या जागी अंड्यांचे दोन ट्रे आले, साठ अंडी चारशे रुपयांत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं. रोज दोन जणांना एक-एक, पाळीपाळीने. माझी पाळी चुकवायची नाही, हा नियम मुलीने केला आणि तिनेच पाळायला लावला.

मग टाकळा उगवला. मालवणीत टायकळा म्हणतात, तो. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत सगळीकडे. तीनचार पानांचा कोवळा असतानाच खुडायचा, नंतर निबर आणि उग्र होतो. कांदा, लसूण, थोडी भिजवलेली चणाडाळ किंवा ठेचलेल्या आठळ्या आणि वर ओलं खोबरं. आईंनी पहिल्या दिवशी ताट समोर ठेवताना म्हटलं, "खावन बघ, मगे कळात." मी लहानपणी खाल्ला होता, पण ती चव विसरून गेले होते. बाजारात मेथीची जुडी तेव्हा चाळीस रुपयांना होती, कोथिंबीर बघवत नव्हती. आम्ही जून-जुलैत पालेभाजी जवळजवळ विकत घेतलीच नाही. टाकळ्यानंतर कुर्डू, मग भारंगी, फोडशी, परसातला अळू, कुंपणावरची फागलं, शेवग्याचा पाला. भारंगी कडू, तिची पानं उकडून पाणी पिळून टाकावं लागतं. अळवात सोलं हवीतच, नाहीतर घसा खाजतो. एक काळजी आम्ही घेतली. आईंनी हातात घेऊन ओळखलेलीच भाजी चुलीवर चढली. अळंबी तर फक्त वारुळावरची, त्यांच्या नेहमीच्या जागेवरची. एकदा मुलगा भलतीच छत्री उपटून घेऊन आला होता, ती त्यांनी लांब नेऊन पुरली.

आता त्या गोष्टीकडे येते जी मला सगळ्यात जास्त सांगायची आहे.

जूनचा हिशेब केला तेव्हा खर्च ४,६९० रुपये आला होता. आगोटीच्या खरेदीचा चौथा हिस्सा, म्हणजे १,२०० धरले तरी ५,९००. मे महिन्यापेक्षा साडेतीन हजारांनी कमी. वहीकडे पाहून खूश व्हायला हवं होतं, पण मी पार थकले होते. नाचणी धुवायची, भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, पावसात वाळवायची कशी म्हणून तव्यावर परतायची, मग दळण. मोड आणले की नाचणीतलं लोह आणि चुना अंगी लागणं सोपं होतं, आणि चुना म्हणजे कॅल्शियम तिच्यात भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. म्हणून मी ते टाळत नव्हते. पण कुळीथ भाजून भरडून पाखडायचे, टाकळा खुडून निवडायचा, जवळ्यातला कचरा काढायचा, आठळ्या सोलायच्या, दोन वेळा भाकऱ्या थापायच्या. हे सगळं करून मशीनवर बसायचं तर रात्रीचे दहा वाजायचे. हिमोग्लोबिन ८.४ असलेली बाई घरातल्या सगळ्यांना सकस खायला घालण्यासाठी पहाटे पाचला उठत होती.

मी वहीत एक रकाना वाढवला. वस्तू, किंमत आणि आता तास. एक आठवडा प्रामाणिकपणे लिहिलं. नेहमीच्या स्वयंपाकावर अठरा तास जास्तीचे निघाले. त्या अठरा तासांत मी सहा-सात ब्लाउज शिवले असते. म्हणजे ही स्वस्ताई माझ्या शिलाईतून कापली जात होती आणि वहीत कुठेच दिसत नव्हती.

ती वही मी नवऱ्यासमोर ठेवली. तो तेव्हा घरीच होता, खाण बंद. शेताची लावणी झाली की त्याला दुपारभर काम नसायचं, ओटीवर बसून पावसाकडे बघत असायचा, आणि त्याचंही त्याला बरं वाटत नव्हतं हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "अहो, हे बघा, एवढे तास." त्याने वही बराच वेळ वाचली. मला वाटलं रागावणार. तो उठला, जवळ्याचा डबा काढला, सुपात ओतला आणि म्हणाला, "ह्या माका जमात. तू मशीनीर बस."

सगळं लगेच जमलं असं नाही. पहिल्या दिवशी त्याने जवळा इतका भाजला की कडू झाला. शेजारचे एकजण ओटीवर आले आणि त्याला नाचणी निवडताना बघून काहीतरी बोलले, तेव्हा तो दोन दिवस सूप घेऊन मागच्या पडवीत बसला. पण तिसऱ्या दिवशी परत ओटीवर आला. टाकळा-कुर्डू खुडणं, दळण, नाचणी, कुळीथ भरडणं आणि जवळा ही कामं त्याच्याकडे गेली. आठळ्या मुलाकडे. सकाळची पेज मुलगी बघते. आई निवडणं-टिपणं पूर्वीही करायच्याच. मला भाकऱ्या आणि रात्रीचं जेवण उरलं. जुलैचा खर्च ५,२४० झाला आणि माझे जास्तीचे तास अठरावरून पाचावर आले. त्यातला दुसरा आकडा मला मोठा वाटतो.

मुलांचं काय, असं गटातल्या बायका विचारतात. मुलाने नाचणीची भाकरी पहिल्यांदा ढकलून दिली. काळी म्हणून. मी जबरदस्ती केली नाही. नाचणी, गूळ आणि शेंगदाण्याचा कूट यांचे लाडू केले, ते तो आल्या आल्या खातो. दहा रुपये मागणं एका दिवसात बंद झालं नाही, पण चार वाजता हाताशी काहीतरी तयार असलं की ते आपोआप कमी झालं. मधल्या सुट्टीत त्याला शाळेत पोषण आहार मिळतो, तोही तो आता पूर्ण खातो. मुलीचं अवघड होतं. तिच्या वर्गातल्या मुली डब्यात वेगवेगळं काय काय आणतात आणि तिला भाकरी-भाजी न्यायची लाज वाटायची. मला तिच्यावर चिडता आलं नाही, कारण पाहुण्यांसमोर पिठी वाढायला मीही लाजतच होते. तिला नाचणीचं घावन आवडतं, ते डब्यात देते. आणि शनिवारी तिला हवं ते पाकीट मिळतं, ते मी बंद केलेलं नाही. चवीच्या गोष्टीवर पोरांशी रोज युद्ध करायची माझ्यात ताकद नव्हती आणि गरजही वाटत नाही.

चहा मी सोडला नाही, जेवणापासून तोडला. पूर्वी जेवल्या जेवल्या अर्धा कप लागायचा. चहातल्या तुरट द्रव्यामुळे जेवणातलं लोह शरीर नीट घेत नाही, म्हणून आता दुपारी साडेतीनला पिते. जेवणाच्या शेवटी सोलकढी किंवा लिंबू पिळलेलं ताक. याला एक पैसा लागला नाही. तेल पाच लिटरवरून साडेतीनवर आलं, कारण तळण कमी झालं आणि पिठीला एक चमचा फोडणी पुरते. मूठभर कुळथाचं पीठ, सोलं, लसूण, मिरची आणि पाणी एवढ्यात पाच माणसांचं कालवण होतं. कुळथात शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, तूरडाळीइतकीच, आणि तूरडाळ तेव्हा १६० रुपये किलो होती.

ऑगस्टमध्ये पुन्हा तपासलं, १०.६. सिस्टर म्हणाल्या, गोळ्या नियमित घेतल्यात म्हणून वाढलं. खरंच आहे, फक्त खाऊन एवढ्या लवकर वाढलं नसतं, आणि कोणी गोळ्या सोडून नुसत्या नाचणीवर विसंबू नये. पण या वेळी गोळ्या पोटाला सोसल्या, त्याचं कारण पोट रिकामं नव्हतं हे मला कळतं.

गणपतीत हिशेब बिघडला. चाकरमानी आले, घरात अकरा माणसं, ऑगस्ट-सप्टेंबर मिळून खर्च ठरवल्यापेक्षा अडीच हजारांनी वर गेला. मी तो वहीत वेगळा लिहिला. सणाला माणसं घरी येतात, त्याचा हिशेब पावसाळ्याच्या तंगीत मिसळायचा नाही असं मी ठरवलं. ऋषीपंचमीला जी भाजी करतात, ती आमच्या परसातल्याच भाज्यांची केली. मुंबईच्या जाऊबाईंनी तीनदा मागून घेतली आणि जाताना कुळीथ आणि सोलं बांधून नेली.

दसरा झाल्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची मासेमारी, सुरू झाली. पहाटे किनाऱ्यावर दोर ओढायला जो हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो, ही इथली जुनी रीत. नवरा खाण उघडेपर्यंत रोज गेला. त्यात सुरमई कधीतरीच, बहुतेक पेडवे. लहान पेडवे आम्ही पूर्वी कोंबड्यांना आणि माडाच्या बुंध्याला घालायचो. आता तिरफळं घालून आटवतो, इतके मऊ की काटा चावून खाता येतो, आणि त्या काट्यातच कॅल्शियम. सुरमईच्या तुकड्यात जी प्रथिनं असतात तेवढीच यात असतात. ओहोटीला मी आणि मुलगी खाडीत तिसरे, म्हणजे शिंपले, काढायला जातो. चिखलात दोन तास वाकावं लागतं, ते वहीत लिहिलेले आहेत. आणि माझ्या ताटात आता रस नसतो, तुकडा असतो. नवरा वाढतानाच बघतो.

नोव्हेंबरमध्ये १२.१ आलं. गटाचं कर्ज जानेवारीत फिटलं.

या वर्षी गटातल्या अकरा जणी आगोटीच्या खरेदीत आहेत आणि टेम्पोऐवजी मोठी गाडी सांगावी लागणार आहे. नवी वही मुलीने आखली. वस्तू, किंमत, तास, आणि तिने स्वतःहून चौथा रकाना घातलाय, 'कोणी'. काल उघडून पाहिलं तर पहिल्या पानावर एकच ओळ होती, तिच्याच अक्षरात. 'बोंडू, शून्य रुपये, एक तास, बाबा.'